ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे: ट्रक आणि ट्रेलर. म्हणजे विषय माझा, पण घर दोन खोल्यांचं, त्यामुळे ऐकणं बायकोलाही भाग. पुण्याला फोन केला की आई विचारते, "अरे, गाडी न्यायला आणखी एक गाडी कशाला? ती स्वतः चालत नाही का?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर मात्र लांबलचक आहे, म्हणून हा शनिवार त्याच्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. माझ्याकडे १९९९ ची माझदा मियाटा आहे. दोन सीटची, वजनाला साधारण २३०० पाउंड, म्हणजे हजार-त्रेचाळीस किलोच्या आसपास. आपल्या स्विफ्टपेक्षा थोडीशीच जड. ही गाडी घेऊन मी वर्षातले काही वीकेंड रेसट्रॅकवर जातो. रेस नव्हे हं! इथे ट्रॅकवर चालवायला शिकवणारे वीकेंड असतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, शेजारी शिक्षक बसतो आणि वीस-तीस मिनिटांच्या सत्रांत आपापल्या गटाबरोबर चालवायचं. कोणी नंबर काढत नाही, कोणी कप देत नाही. आठवडाभर स्क्रीनकडे बघून शिणलेल्या डोक्याला असं काहीतरी लागतं, की ज्यात दुसरा कुठलाही विचार करायला जागाच उरत नाही. कोणी ट्रेकला जातं, कोणी गाणं शिकतं, मी हे करतो.

पहिले दोन सीझन मियाटा स्वतःच चालत ट्रॅकपर्यंत गेली आणि परत आली. न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आमच्यापासून साधारण नव्वद मैल, कनेटिकटमधला लाइम रॉक सव्वाशेच्या आसपास. न्यूयॉर्क राज्यातला वॉटकिन्स ग्लेन मात्र सव्वादोनशेच्या पुढे. गेल्या सप्टेंबरात तिथेच रविवारी दुपारी शेवटच्या सत्रात क्लचचं पेडल जमिनीला जाऊन टेकलं. क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं सील गेलं होतं. या गाड्यांचं हे जुनंच दुखणं आहे, पार्ट स्वस्त असतो, पण रविवारी संध्याकाळी त्या डोंगराळ भागात तो मिळायला हवा ना! सोमवारी सकाळी आमचं प्रॉडक्शन रिलीज. शेवटी गाडी तिथे सोडून एका सहृदय माणसाबरोबर रात्री दीडला घरी पोहोचलो आणि पुढच्या वीकेंडला ती आणायला टो-ट्रकचे जे पैसे मोजले, त्यात मुंबईचं एका बाजूचं विमानाचं तिकीट आलं असतं.

त्या रात्री एक गोष्ट पक्की कळली. ट्रॅकवर गाडी मोडू शकते, हे त्या छंदातच गृहीत आहे. मग जी गाडी मोडू शकते, तिच्यावरच घरी येण्याची जबाबदारी टाकणं हे डिझाइनमध्येच चुकीचं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

आता पर्याय पाहू. पहिला, भाड्याचा ट्रेलर. सोपा, पण स्वतःच रिकामा २२०० पाउंडांच्या घरात, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत हवा तेव्हा मिळेलच असं नाही. दुसरा, स्वतःचा उघडा ट्रेलर. ॲल्युमिनियमचा घेतला तर हलका, वारा कमी अडवतो, मध्यम आकाराची एसयूव्हीसुद्धा मियाटासकट ओढू शकते. अगदी खरं सांगायचं तर दहापैकी आठ जणांना हाच घ्या म्हणून सांगेन. तिसरा पर्याय बंद ट्रेलर, म्हणजे चाकांवरची पत्र्याची खोली. महाग, जड आणि वाऱ्यात भिंतीसारखा उभा राहणारा.

मग मी बंदच का शोधत होतो? कारण आमच्याकडे गॅरेज नाही. अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये पावसा-बर्फात उभी असलेली गाडी, सुट्या चाकांचा दुसरा संच बेडरूममध्ये पलंगाखाली, आणि जॅक, हत्यारं, ऑइलचे डबे बाल्कनीत. बायकोने आजवर यावर चकार शब्द काढला नाही, यातच सगळं आलं. बंद ट्रेलर म्हणजे माझं गॅरेज. महिना भाड्याने मिळणाऱ्या यार्डात तो उभा राहील आणि पलंगाखालची जागा पुन्हा गाद्या-गिरद्यांना मिळेल. शिवाय मोटेलच्या पार्किंगमध्ये रात्री दर तासाला पडदा सरकवून खाली बघावं लागणार नाही.

असो. इथून पुढे खरं गणित सुरू होतं.

ट्रकच्या जाहिराती बघितल्यात का कधी? डोंगर, धूळ, जाड आवाजाचा माणूस आणि एक मोठ्ठा आकडा. अमुक हजार पाउंड ओढतो! हा आकडा खोटा नसतो. २००८ साली एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं एक प्रमाण ठरवलं. त्यात ट्रक कसा तपासायचा हे नेमकं लिहिलेलं आहे. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ, भर उन्हाळ्यातली हवा, एसी पूर्ण चालू, आणि तरी ठरलेल्या वेगाखाली यायचं नाही. २०११ च्या मॉडेलांपासून टोयोटाने हे प्रमाण आधी स्वीकारलं, मग हळूहळू बाकीचेही आले. त्यामुळे आज दोन ट्रकांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात.

पण त्या आकड्यामागची गृहीतकं बघा. ट्रकमध्ये फक्त ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पाउंडांचे. मागे हौद्यात सामान नाही. जवळजवळ रिकामा ट्रक! लोड टेस्ट रिकाम्या डेटाबेसवर केली आणि रिपोर्ट हिरवा आला, त्यातलाच प्रकार. आपण जाणार कूलर, जनरेटर, बॅगा, पेट्रोलचे कॅन घेऊन. आणि या सगळ्यापेक्षा मोठं वजन आपल्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे ट्रेलरच्या नाकाचं.

ट्रेलर मागून नुसता ओढला जात नाही, त्याचं नाक ट्रकच्या हिचवर टेकलेलं असतं. या प्रकारच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन या नाकावर यावं लागतं. कमी आलं तर ट्रेलर जड शेपटीचा होतो आणि वेगात डावी-उजवीकडे झुलायला लागतो. एकदा झुलायला लागला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होऊ शकतो आणि शेवटी ट्रेलर ट्रकलाच फिरवतो. खेळण्यातल्या गाडीवर वजनं पुढे-मागे सरकवून हे दाखवणारे व्हिडिओ आहेत, नक्की बघा. वजन मागे नेलं की तीच गाडी दोन सेकंदांत आडवी होते.

हे वाचताना मला आजोबा आठवले. वाळवा तालुक्यात आमची थोडी शेती होती आणि लहानपणी मी बैलगाडीतून ऊस कारखान्यावर जाताना पाहिलाय. ऊस भरताना आजोबा गड्यांवर ओरडायचे, "मागं नगा रचू, गाडी उलाळ हुतीया!" उलाळ म्हणजे मागच्या बाजूला जड. उलाळ गाडीचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. उलट पुढे जास्त भरलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. त्यामुळे मानेवर थोडं वजन हवंच, पण पेलेल इतकंच. माझ्या स्प्रेडशीटमधला 'दहा ते पंधरा टक्के' हा रकाना आजोबांच्या हाताला आणि डोळ्याला माहीत होता. फरक इतकाच की बैल दमला की थांबतो. ट्रक थांबत नाही, तो इमानेइतबारे ओढत राहतो आणि बिघाड वेगळ्याच ठिकाणी होतो. टायर, मागचा ॲक्सल, ब्रेक.

तर ट्रक घेताना पहिला प्रश्न 'ओढेल किती' हा नाही. 'पेलेल किती' हा आहे. आणि याचं उत्तर जाहिरातीत सापडत नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर सापडतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त इतकं वजन, असं तिथे किलो आणि पाउंड दोन्हींत लिहिलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, त्या एका ट्रकचा असतो. एकाच नावाच्या दोन ट्रकांत काहीशे पाउंडांचा फरक असू शकतो.

माझा हिशेब असा झाला. रिकामा ट्रेलर ३९०० पाउंड, मियाटा तिच्या रोल बार आणि पेट्रोलसकट २४००, चाकं-हत्यारं-जॅक-तंबू वगैरे ७००. एकूण ७०००, म्हणजे जवळपास ३२०० किलो. नाकावर तेरा टक्के धरले तर ९१०. वजन वाटून देणारा जो खास हिच लागतो, त्याचे १००. आम्ही दोघं मिळून ३००. हौद्यातलं सामान १९०. बेरीज १५००. म्हणजे स्टिकरवर १५०० च्या बरंच वर काहीतरी दिसायला हवं.

हे कागदावर घेऊन एका डीलरकडे गेलो. तिथे चामड्याच्या सीटांचा, काचेच्या छताचा, चारही चाकांना पॉवर असलेला एक देखणा हाफ-टन ट्रक उभा होता. सेल्समन म्हणाला, "अकरा हजार ओढतो, तुमचं तर सातच हजार आहे. झोपेत नेईल." मी दार उघडून स्टिकर वाचलं: १३८६. तो म्हणाला, ते कोणी बघत नाही. मी म्हटलं, थँक्यू.

इथे एक गंमत आहे. ट्रक जितका श्रीमंत, तितका तो कमी पेलतो! कारण एकूण वजनाची मर्यादा ठरलेली असते. काचेचं छत, मोटर असलेल्या सीटा, मोठी चाकं हे सगळं त्याच मर्यादेतून वजा होतं. डिझेल इंजिनाचंही तेच. डिझेलचा जोर जबरदस्त, घाटात उतरताना एक्झॉस्ट ब्रेकचं सुख वेगळंच, पण इंजिन काहीशे पाउंडांनी जड, महाग आणि देखभालीला खर्चिक. वर्षाला दहा-बारा वीकेंड सात हजार पाउंड न्यायला त्याची गरज नाही. इलेक्ट्रिक पिकअपचाही विचार केला. ओढायला उत्तम, पण मागे एवढी उंच पेटी लावली की रेंज साधारण निम्म्यावर येते, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडवून ठेवल्याशिवाय गाडी लावता येत नाही. रात्री नऊ वाजता, दमलेलं असताना... नको.

साधा, कापडी सीटांचा हाफ-टन मात्र १८०० पर्यंत जातो. त्यात माझे १५०० बसत होते. स्प्रेडशीटमध्ये तो रकाना हिरवा झाला आणि मी खुशीत लॅपटॉप बायकोसमोर ठेवला.

तिने आकडे बघितले नाहीत. तिने विचारलं, "रविवारी संध्याकाळी तू दोन दिवस उन्हात गाडी चालवून अर्धमेला झालेला असतोस. तेव्हा हे सगळं मी चालवू शकेन का?"

मंडळी, तीन महिन्यांच्या अभ्यासात हा रकानाच नव्हता. मी ट्रक निवडत होतो शनिवारी सकाळच्या माझ्यासाठी. ताजातवाना, दोन कॉफी झालेला, कोरडा रस्ता. ट्रक लागणार होता रविवारी रात्री, पावसात, इंटरस्टेट ८१ वर दोन्ही बाजूंनी अठराचाकी जात असताना, आणि कदाचित तिच्या हातात. तिला इथलं लायसन्स मिळून तीन वर्षं झालीत, चालवते माझ्याहून शांतपणे, पण वीस फुटी खोली मागे लावून कधीच नाही. हे ती धाडस म्हणून विचारत नव्हती. मी अर्धमेला असताना मला स्टिअरिंगपाशी बसू द्यायचं नाही, एवढाच तिचा मुद्दा होता. आमच्या क्षेत्रात कपॅसिटी सरासरीवर ठरवत नाहीत, वाईटात वाईट दिवशीच्या लोडवर ठरवतात. घरी मात्र हे बायकोने सांगावं लागलं.

मग निवड बदलली. हाफ-टन सोडून थ्री-क्वार्टर-टन. ही नावं जुन्या काळच्या वजनक्षमतेवरून पडलेली आहेत, आज त्यांचा शब्दशः अर्थ घेऊ नका. मधल्या ट्रकचे स्प्रिंग, ब्रेक, ॲक्सल, टायर सगळंच मोठं. पाच वर्षं जुना, पेट्रोलचा, कापडी सीटांचा, कंत्राटदार वापरतात तसला एक पांढरा ट्रक मिळाला. दिसायला महापालिकेची गाडी. स्टिकर: २८७४. माझ्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट. रिकामा असताना खड्ड्यात हाडं खिळखिळी करतो, पार्किंगमध्ये दोन प्रयत्न लागतात, आणि ट्रेलर लावल्यावर गॅलनला नऊ-दहा मैलच देईल. हे सगळं मान्य.

ट्रेलरमध्येही हाच न्याय लावला. वीस फुटी बंद ट्रेलर सहसा ३५०० पाउंडांच्या दोन ॲक्सलांवर मिळतो, म्हणजे एकूण मर्यादा सात हजार. माझं वजन बरोब्बर सात हजार! म्हणून ५२०० चे ॲक्सल घेतले. लांबीचा मोह झाला होता, चोवीस फूट म्हणजे केवढी जागा! पण जागेचं हार्ड डिस्कसारखं आहे, जेवढी देऊ तेवढी भरते. मियाटा तेरा फुटांची. वीसमध्ये तिला पुढे-मागे सरकवून नाकावरचं वजन जुळवायला पुरेशी जागा उरते.

बघायला गेलात तर आणखी काही गोष्टी जरूर बघा. गाडी बांधायच्या कड्या नुसत्या प्लायवूडला ठोकलेल्या नकोत, खालच्या लोखंडी चौकटीला बोल्ट केलेल्या हव्यात. चारही चाकांना ब्रेक हवेत. साखळीबरोबरच ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी वायर आणि तिची बॅटरी चालू आहे ना, हे दाबून बघा. ड्रायव्हरच्या बाजूला एस्केप डोअर असलं तर उत्तम, कारण आत गाडी चढवली की ट्रेलरच्या चाकांवरच्या पेट्यांना अडून तिचं दार उघडत नाही. मियाटावाल्यांचं बरं आहे, छप्पर उघडून वरून बाहेर पडता येतं. (सराव लागतो. पोटही कमी लागतं. :) ) टायरवर वेगाची मर्यादा वाचा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची ताशी ६५ मैल असते, आणि नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी ते बदलायचे असतात.

ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर असतो, त्यावर एक छोटी कळ असते. ट्रेलर झुलायला लागला तर स्टिअरिंगने त्याच्याशी भांडायचं नाही, ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि त्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे तो मागे ताणला जाऊन सरळ होतो. आम्ही दोघांनी हे डोळे मिटून सापडेपर्यंत हाताला शिकवायचं ठरवलंय.

रस्तेही बदलतात. लाइम रॉकला जाताना मॅप्स नेहमी सुंदर झाडांतले पार्कवे सुचवतं. न्यूयॉर्कचे पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे ट्रेलरला बंद आहेत. त्यामुळे आता आपलं २८७, मग ६८४, मग रूट २२. थोडं लांब, पण दगडी पुलाखाली अडकण्यापेक्षा बरं.

राहिला पैशाचा मुद्दा. ट्रक आणि ट्रेलर मिळून आमच्या घराच्या डाउन पेमेंटमधली मोठी फोड निघाली. घर साधारण दीड वर्ष पुढे गेलं. हप्ता आम्ही कितीही ओढू शकलो असतो, बँक त्या सेल्समनसारखीच आहे, ओढण्याचा आकडा सांगते. पेलण्याचा आकडा आपल्या दारावर आपणच चिकटवायचा असतो. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तरी सहा महिने निघतील, एवढं बाजूला ठेवून जे उरलं त्यात हे बसवलं. नवा ट्रक त्यात बसला नाही, म्हणून तो पांढरा.

पहिला वीकेंड एप्रिलमध्ये न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला, कारण तो जवळ आणि रस्ता सपाट. त्याआधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर भरलेला ट्रेलर चढवून खरी वजनं घ्यायची आहेत. माझे सातशे-एकोणचाळीसशे शेवटी अंदाजच, काटा सांगेल ते खरं. निघाल्यावर पन्नास मैलांनी थांबून चाकांचे नट पुन्हा आवळायचे, पट्टे तपासायचे.

उद्या सकाळी सात वाजता स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव आहे. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर जातो. आधी ती चालवणार, मी मागे उभा राहून हात हलवणार. नंतर अदलाबदल. आठ वाजता वारा सुटतो म्हणे, तोपर्यंत ट्रेलर दोन पांढऱ्या रेघांच्या मध्ये सरळ उभा राहिला तरी पुष्कळ झालं.